बेघरांना कायमचं घर मिळवून द्यायचंय? गटाने हे काम सुरुवातीपासून कसं करायचं

ब्लँकेट वाटणं, जेवण वाटणं, रात्रनिवारा चालवणं ही कामं करणारे गट पुष्कळ आहेत आणि त्यांची गरजही आहे, पण काही वर्षं हे केल्यावर प्रत्येक गटात कुणीतरी विचारतंच की अरे, तीच माणसं अजून तिथेच कशी झोपतायत? हा लेख तिथून पुढचा आहे. एखाद्या शहरातल्या लोकांनी, संस्थांनी, सरकारी खात्यांनी एकत्र येऊन रस्त्यावरच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या नावावर भाडेकरार असलेलं घर कसं मिळवून द्यायचं आणि ते टिकवायचं कसं, ते सांगतो. लेख मोठा आहे, सावकाश वाचा.

आधी घर, बाकीचं नंतर

जुनी पद्धत अशी की माणसाला आधी निवाऱ्यात आणायचं, मग त्याने दारू सोडायची, मग औषधं नियमित घ्यायची, मग काहीतरी काम धरायचं, आणि हे सगळं नीट केलं तर शेवटी घर. कागदावर छान दिसतं. पण ज्याला रात्री धड झोप नाही, ज्याची औषधाची पिशवी दर आठवड्याला चोरीला जाते, त्याने रस्त्यावर राहून व्यसन सोडावं ही अपेक्षाच मुळात अवघड आहे आणि बहुतेक जण मधल्याच कुठल्यातरी पायरीवरून खाली येतात.

१९९२ मध्ये न्यूयॉर्कला सॅम त्सेम्बेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पाथवेज टू हाऊसिंग ही संस्था काढून हा क्रम उलटा केला. आधी घर द्या, अटी न घालता, आणि मदत सोबत ठेवा. अटी अगदीच कमी होत्या: उत्पन्नातला साधारण ३० टक्के हिस्सा भाड्यासाठी, आणि आठवड्यातून एकदा संस्थेचा माणूस भेटायला येईल ते चालवून घ्यायचं. लोक म्हणाले घरांची वाट लावतील, पण प्रत्यक्षात पाचातले चार जण घरात टिकले. यालाच हाऊसिंग फर्स्ट म्हणतात.

नंतर कॅनडाने २००९ ते २०१३ मध्ये पाच शहरांत सुमारे २००० लोकांवर याची मोठी चाचणी घेतली, अर्ध्यांना घर आणि मदत, अर्ध्यांना नेहमीच्या सेवा. शेवटच्या सहा महिन्यांत पूर्ण वेळ घरात राहिलेले लोक पहिल्या गटात ६२ टक्के होते आणि दुसऱ्यात ३१ टक्के. ६२ म्हणजे १०० नाही हेही लक्षात ठेवा, कारण पुढे तुमच्याही काही केसेस फसणार आहेत आणि तेव्हा लगेच 'बघा, म्हणून सांगत होतो' म्हणणारे लोक गटातच निघतात.

तर गटात पहिल्याच मीटिंगला हे ठरवून टाका की घर हे चांगलं वागल्याचं बक्षीस नाही. यावर एकमत नसेल तर पुढचं काही करूच नका. पुढे प्रत्येक माणसाच्या वेळी 'पण हा तर पितो' हा वाद होत राहील आणि काम अडकून पडेल.

टीम कोण, आणि सुरुवात किती मोठी

एकट्या संस्थेने हे होत नाही. टेबलाभोवती निदान ही माणसं हवीत: रस्त्यावर फिरून लोकांना ओळखणारा कुणीतरी, निवारा चालवणारे, सरकारी रुग्णालयातलं समाजसेवा खातं, स्थानिक प्रशासनात घरांचं काम बघणारा अधिकारी, पोलिसांतला एक समजूतदार माणूस, एकदोन घरमालक, आणि स्वतः बेघर राहून आलेले एकदोन जण. हे शेवटचे फोटोपुरते बोलावू नका, त्यांना निर्णयात घ्या आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या, कारण बाकी सगळे तिथे पगारावर बसलेले असतात.

आणि एका माणसाचं किंवा एका छोट्या ऑफिसचं कामच फक्त हे असायला हवं की सगळ्यांना एकत्र ठेवणं, यादी सांभाळणं, मीटिंग लावणं, पाठपुरावा करणं. ह्या पदाला कुणी देणगी देत नाही, देणगीदारांना गाद्या आणि भांडी द्यायला आवडतं, तरी पहिला पैसा इथे लावा. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये २०११-१२ च्या सुमारास शंभराहून जास्त संस्था एका यंत्रणेखाली आल्या आणि तिथल्या यशाचं मोठं कारण हेच की प्रत्येकाने आपापलं वेगळं दुकान चालवणं थांबवलं.

सुरुवात एका गटापासून करा. सगळे बेघर एकदम घेतले तर दमून जाल. रॉकफर्ड नावाच्या इलिनॉयमधल्या शहराने आधी फक्त माजी सैनिक घेतले, तो प्रश्न आटोक्यात आणला, आणि मग वर्षानुवर्षं रस्त्यावर असलेल्या लोकांकडे वळले, २०१७ पर्यंत तेही जमवलं. तुम्ही वयस्कर लोक घ्या, आजारी लोक घ्या, मुलंबाळं असलेली कुटुंबं घ्या, पण भागाची हद्द आणि गट दोन्ही लिहून ठेवा.

नावांची यादी: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम

वर्षातून एका रात्री फिरून डोकी मोजतात, त्या आकड्याने बातमी होते पण कुणाला घर मिळत नाही. तुम्हाला लागते ती नावांची यादी, जी दर आठवड्याला बदलते. तुमच्या हद्दीत ठरवलेल्या गटातला प्रत्येक माणूस त्यात असला पाहिजे.

त्यात काय लिहायचं? नाव किंवा लोक ज्या नावाने हाक मारतात ते, साधारण कुठे झोपतो, किती काळापासून, एकटा की सोबत कुणी, तब्येत, कुठली कागदपत्रं आहेत आणि कुठली नाहीत, उत्पन्न काही आहे का, शेवटचं कधी भेटलो, आमच्यापैकी कोण त्याच्या ओळखीचं, आणि त्याला स्वतःला काय हवंय. हा शेवटचा रकाना बऱ्याच फॉर्ममध्ये नसतोच! एखाद्याला भावाच्या जवळपास राहायचं असतं, एखादीला तळमजला नको असतो कारण खिडकीची भीती वाटते, हे आधी विचारलं नाही तर नंतर घर सोडून गेल्यावर कळतं.

माहिती घेताना परवानगी घ्या, साध्या भाषेत सांगा की ही कुणाकुणाला दिसेल, आणि नाही म्हणाला तरी त्याला मदतीतून वगळू नका, त्याची नोंद टोपणनावाने करा. पोलिसांना पूर्ण यादी देऊ नका, मीटिंगला ते असले तरी. यादीचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागले तर लोकांचा विश्वास गेलाच समजा.

लोक शोधायला भल्या पहाटे जा. २०१० ते २०१४ मध्ये अमेरिकेत एक लाख घरांची मोहीम झाली, त्यात स्वयंसेवक पहाटे अंधारात बाहेर पडून रस्त्यावर झोपलेल्या माणसांना नाव आणि तब्येत विचारायचे, आणि चार वर्षांत त्यात सामील शहरांनी एक लाख पाच हजारांहून जास्त लोकांना घरी पोचवलं. पहाटेचं कारण सोपं आहे, दिवसा माणूस कुठेही असतो पण पहाटे तो झोपायच्या जागी सापडतो. जाताना तीच तीच माणसं जाऊ द्या, दर वेळी नवा चेहरा नको, आणि झोपलेल्या माणसाच्या तोंडावर टॉर्च मारू नका.

यादीत तीन आकडे दर महिन्याला काढा: नवे किती आले, घरी किती गेले, आणि किती जण सापडेनासे झाले. सापडत नाही म्हणून लगेच नाव खोडायचं नाही, ९० दिवसांसारखा एक नियम ठरवा, तोपर्यंत शोधा, मग वेगळ्या रकान्यात टाका आणि परत दिसला की परत आणा. घरी जाणारे येणाऱ्यांपेक्षा जास्त असतील तर तुम्ही पुढे जाताय, नाहीतर कितीही फोटो काढा, आकडा तिथेच राहणार.

आणि मोजायची पद्धत मध्येच बदलू नका, बदललीच तर उघड सांगा. अमेरिकेतल्या युटा राज्याने २०१५ मध्ये दीर्घकाळच्या बेघरांत ९१ टक्के घट झाल्याचं जाहीर केलं, जगभर कौतुक झालं, आणि मग लक्षात आलं की घटीतला बराच भाग मोजणी बदलल्यामुळे होता. खरं काम झालं होतं, पण त्या आकड्यामुळे तेही संशयात आलं.

आधी कुणाला?

घरं कायम कमी असतात म्हणून हा प्रश्न येतोच. जो आधी आला त्याला आधी, हा नियम बरोबर वाटतो पण चालत नाही, कारण रांगेत उभं राहण्याइतका धडधाकट माणूस पुढे जातो आणि सगळ्यात आजारी मागे राहतो. मग लोकांनी प्रश्नावल्या काढल्या, गुण द्यायचे आणि जास्त गुण त्याला आधी घर. त्यातली एक खूप वापरली गेलेली प्रश्नावली तिच्या कर्त्यांनीच २०२० च्या शेवटी मागे घ्यायला सुरुवात केली, कारण काही समाजगटांना त्यात कमी गुण पडतात असं अभ्यासांत दिसत होतं. आणि खरंच, अनोळखी माणसासमोर कोण सांगेल की मला आवाज ऐकू येतात किंवा माझ्यावर अत्याचार झालाय?

माझं मत असं की थोडे साधे निकष ठेवा (किती वर्षं रस्त्यावर, जिवाला धोका असलेला आजार, वय, लहान मुलं, हिंसेचा धोका) आणि शेवटचा निर्णय त्या माणसाला ओळखणाऱ्यांसोबत मीटिंगमध्ये घ्या, कारण लिहून ठेवा. ओळखीच्याची शिफारस आली म्हणून नाव वर सरकवायचं नाही, मग ती शिफारस कुणाचीही असो.

घरं कुठून आणायची

नवीन इमारत बांधायचा मोह होतो. वर्षानुवर्षं जातात त्यात, जागा, परवानग्या, शेजाऱ्यांचा विरोध. बांधकाम हवंच, पण सुरुवात असलेल्या रिकाम्या घरांपासून करा. ह्यूस्टननेही जास्त भर खाजगी घरमालकांच्या रिकाम्या फ्लॅटवरच दिला. फिनलंडमध्ये १९८५ साली सुरू झालेलं वाय फाउंडेशन वेगळं करतं, बाजारातून सुटे सुटे फ्लॅट विकत घेऊन भाड्याने देतं, आणि आज ते तिथल्या सगळ्यात मोठ्या घरमालकांपैकी एक आहे. सुट्या फ्लॅटचा फायदा म्हणजे शिक्का बसत नाही, बाकीच्या भाडेकरूंसारखाच हा एक भाडेकरू.

एकाच इमारतीत सगळ्यांना ठेवणं काही जणांसाठी चांगलं असतं, ज्यांना एकटेपणा सहन होत नाही किंवा दिवसरात्र मदत लागते त्यांच्यासाठी. हेलसिंकीत साल्व्हेशन आर्मीचा सुमारे २५० खाटांचा जुना निवारा होता, त्याचे ८० स्वतंत्र फ्लॅट केले आणि कर्मचारी तिथेच ठेवले. म्हणजे निवारा चालवणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही, तुमच्या इमारतीचीच घरं होऊ शकतात. पण सरसकट सगळ्यांना अशा इमारतीत कोंबू नका, बहुतेकांना विचारलं तर साधं वेगळं घरच हवं असतं.

आता घरमालक. त्याच्याशी बोलताना दयेची भाषा ठेवू नका, धंद्याची ठेवा. त्याच्या मनात भीती असते ती भाडं थकेल का, घराची नासधूस होईल का, शेजारी तक्रार करतील का, आणि काही झालं तर ही संस्थावाली मंडळी फोन उचलतील का, याची. त्याला सांगा की भाड्यातला संस्थेचा हिस्सा ठरल्या तारखेला जमा होईल, डिपॉझिटच्या वर नुकसानीसाठी वेगळा निधी आहे, आणि हा एक नंबर आहे तो रात्री अकरालाही उचलला जाईल. आणि मग खरोखर उचला! एक समाधानी घरमालक त्याच्या ओळखीतले आणखी घरमालक आणतो, एक चिडलेला त्यापेक्षा जास्त दारं बंद करतो. शक्य असेल तर घरमालकांशी बोलायला वेगळा माणूस ठेवा, भाडेकरूची काळजी घेणारा केसवर्कर आणि हा एकच असला की दोन्हीकडून ओढाताण होते.

दोन गोष्टी सोडू नका. भाडेकरार माणसाच्या स्वतःच्या नावावर हवा, संस्थेच्या नावावर असला तर तो पुन्हा पाहुणाच. कायद्याने किंवा घरमालकाच्या हट्टाने तसं जमत नसेल तर निदान पोटभाडेकरार लेखी करा, त्यात काढून टाकण्याची कारणं स्पष्ट असू द्या आणि ठराविक काळानंतर करार त्याच्या नावावर येईल असं कलम टाका. आणि निवड द्या, दोनतीन घरं दाखवा, नाही म्हणायचा हक्क द्या.

पैशाचं गणित

खर्चाचे चार डबे वेगळे करा: घरात शिरतानाचा (डिपॉझिट, सामान, कागदपत्रं), दर महिन्याचा भाड्यातला फरक, मदत करणाऱ्या माणसांचे पगार, आणि अडीअडचणीचा निधी. पहिल्या डब्यासाठी देणग्या सहज मिळतात. दुसऱ्या आणि तिसऱ्यासाठी सरकारी किंवा दीर्घ मुदतीचा पैसाच लागतो, तो नसताना नुसत्या देणगीवर पन्नास जणांना घरं देऊन वर्षाने भाडं थांबवणं हे क्रूर आहे, त्यापेक्षा पाच जणांनाच द्या आणि शेवटपर्यंत निभवा.

सगळ्यांना कायमची भाड्याची मदत लागत नाही. नोकरी गेली, नवऱ्याने घराबाहेर काढलं अशा कुटुंबांना बऱ्याचदा काही महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट पुरतं. वर्षानुवर्षं रस्त्यावर असलेला आजारी माणूस वेगळा, त्याला भाडं आणि मदत दोन्ही मुदतीशिवाय.

एक सावधगिरी. 'घर दिलं की सरकारचे पैसे वाचतात' हा मुद्दा सगळीकडे वापरला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. कॅनडाच्या चाचणीत आधी सगळ्यात जास्त खर्च होत असलेल्या वरच्या १० टक्के लोकांच्या बाबतीत घर आणि मदतीवर घातलेल्या दर १० डॉलरमागे २१.७२ डॉलर वाचले, कारण ते सतत रुग्णालयात आणि कोठडीत जात होते, पण बाकीच्यांच्या बाबतीत घरावरचा खर्च तेवढा भरून निघाला नाही. तेव्हा अधिकाऱ्यांना बचतीची भलती आश्वासनं देऊ नका, पुढच्या वर्षी ते हिशोब मागतील.

कागदपत्रं आणि मधले टप्पे

कागदपत्रांचं काम घर मिळायच्या आधी, यादीत नाव आल्याच्या दिवसापासून सुरू करा. ओळखपत्र, जन्माचा दाखला, उत्पन्नाचा किंवा आजाराचा दाखला, बँक खातं. मूळ प्रती त्याच्याकडे, स्कॅन तुमच्याकडे सुरक्षित, कारण पावसात भिजणार किंवा हरवणार हे धरूनच चाला.

मग एक दिवस सगळ्या खात्यांना बसवून भिंतीवर मोठा कागद लावा आणि पहिल्या भेटीपासून चावी हातात येईपर्यंत नेमकं काय काय होतं ते टप्प्याटप्प्याने लिहा, प्रत्येक टप्प्याला किती दिवस आणि कुणाची सही. ह्यूस्टनने माजी सैनिकांसाठी हे केलं तेव्हा ७६ टप्पे आणि सरासरी ७२० दिवस निघाले, ते पुढे सुमारे ३२ दिवसांवर आणले. तुमच्याकडेही एकच माहिती चार ठिकाणी भरली जात असेल, एक सही फक्त मंगळवारी मिळत असेल, घराची तपासणी करणारा एकच माणूस असेल. नवीन पैसा न लागता इथेच महिने वाचतात.

चावी मिळाली, पुढे?

पहिल्या रात्री घरात काय हवं: गादी, पांघरूण, बल्ब, बादली, शिजवायला काहीतरी आणि दोन भांडी, पडदा, कुलूप, फोनचा चार्जर. सोबत कुणीतरी थांबा, गॅस, वीज, पाणी, कचरा, दाराचं लॉक सगळं दाखवा.

खरं काम आता सुरू होतं आणि बरेच गट इथेच हात झटकतात. पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक. काही जण गादी असून जमिनीवर झोपतात, काही जण परत जुन्या जागी जाऊन बसतात कारण ओळखीची माणसं तिथेच आहेत. एकटेपणा भयंकर असतो, रस्त्यावर आजूबाजूला आवाज होता, इथे चार भिंती. आणि सगळ्यात जास्त घरं जातात ती पाहुण्यांमुळे, जुने सोबती राहायला येतात, नाही म्हणता येत नाही, मग गोंगाट, तक्रार, नोटीस. 'नाही कसं म्हणायचं' याची चक्क तालीम घ्या, वाटल्यास 'संस्थेचा नियम आहे' असं कारण त्यांच्या हाती द्या.

मदतीची माणसं किती? खूप आजारी लोकांसाठी नर्स, डॉक्टर, समाजसेवक यांची एकत्र टीम, दर कर्मचाऱ्यामागे साधारण १० जण. बाकीच्यांसाठी एका केसवर्करकडे १५ ते २०. एकाकडे चाळीस-पन्नास घरं दिली की तो फक्त आगी विझवतो. आठवड्यातून एकदा घरी भेट, गप्पा मारायला जावं तसं जा पण डोळे उघडे ठेवा, भाडं भरलं का, औषधं संपली का, दारावर कुठली नोटीस आहे का. उपचार घेणं ऐच्छिक ठेवा, औषध बंद केलं म्हणून घर काढून घ्यायचं नाही.

ज्यांना कायमची मदत लागत नाही त्यांच्यासाठी नऊ महिन्यांची एक चांगली पद्धत आहे, तीन तीन महिन्यांचे टप्पे: आधी तुम्ही खूप जवळ, मग हळूहळू डॉक्टर, शेजारी, नातेवाईक, कामाची जागा यांच्याशी जोडून द्यायचं, शेवटी तुम्ही मागे सरकायचं. तारीख पहिल्या दिवशीच सांगितलेली असते, त्यामुळे अचानक सोडून गेले असं वाटत नाही.

घर गेलंच तर? दुसरं द्या. घरमालक वेगळा आणि मदत वेगळी असल्यामुळे भाडेकरार मोडला तरी केसवर्कर त्याच्यासोबतच राहतो, काय बिघडलं ते बघतो आणि पुढचं घर त्याप्रमाणे शोधतो. काही लोक दुसऱ्या किंवा तिसऱ्या घरात टिकतात.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर, सुट्या फ्लॅटसाठी आधी घोषणा करायची गरज नाही, कुठल्याच भाडेकरूचा इतिहास सोसायटीला सांगत नाहीत. मोठ्या इमारतीसाठी मात्र आधी जा, फोन नंबर द्या, आणि पहिली तक्रार आली की त्याच दिवशी हजर व्हा.

दर आठवड्याची मीटिंग

एक तास, यादी समोर, नावानिशी. 'या आठवड्यात यांच्यासाठी काय अडलंय, ते कोण सोडवणार, कधीपर्यंत'. भाषणं नकोत, योजनांची माहिती नको, ती ईमेलवर पाठवा. अडलेली गोष्ट वारंवार तीच असेल, समजा दाखला, तर ते त्या माणसाचं अडणं नाही, तुमच्या यंत्रणेचं आहे, मग ते वरच्या अधिकाऱ्याकडे न्या.

ध्येय काय ठेवायचं? शून्य बेघर असं म्हटलं की लोक हसतात, कारण रोज कुणी ना कुणी नवीन रस्त्यावर येणारच. म्हणून बिल्ट फॉर झिरो या २०१५ पासूनच्या चळवळीतली शहरं जे वापरतात ते वापरा: यादीतली माणसं ही तुम्ही एरवी महिन्याला जितक्यांना घरी नेता त्यापेक्षा कमी असली पाहिजेत, आणि हे टिकलं पाहिजे. कॅनडातल्या मेडिसिन हॅट शहराने दीर्घकाळच्या बेघरांसाठीच्या थोड्या वेगळ्या निकषाने २०२१ मध्ये असा टप्पा गाठला.

नळ चालू असेल तर

यादी आटोक्यात येऊ लागली की बघा नवी नावं कुठून येतायत. प्रत्येक नव्या माणसाला विचारा, याआधी रात्री कुठे होतास? रुग्णालयातून थेट फूटपाथवर सोडलेले, तुरुंगातून सुटलेले, अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडलेले, भाडं थकून बाहेर काढलेले, उत्तरं साधारण ह्यातच फिरतात. रुग्णालयाशी लेखी ठरवा की बेघर रुग्णाला सोडायच्या काही दिवस आधी तुम्हाला फोन येईल. भाडं थकलेल्यांसाठी छोटा निधी ठेवा, एक-दोन महिन्यांची थकबाकी भरणं हे नंतर घर शोधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

आणि सरकारी धोरणावर लक्ष ठेवा, ते तुमच्या हातात नसलं तरी. फिनलंडने २००८ पासून देशभर ही पद्धत राबवून बेघर लोक वर्षानुवर्षं कमी करत आणले, तिथेही २०२४ मध्ये आकडा पुन्हा वर गेला, आणि त्याआधी घरभाड्याच्या सरकारी मदतीत कपात झाली होती. अशी कपात येतेय असं दिसलं की तुमच्या यादीतून काढा, किती जणांचं भाडं त्या मदतीवर चालतं, नेमका किती फरक पडेल, आणि तो आकडा निर्णय व्हायच्या आधी संबंधितांच्या टेबलावर ठेवा, नावांशिवाय.